न मागण्याचा कागद

नोकरीत मी किती प्रकरणं हाताळली याचा हिशेब ठेवलेला नाही, आणि त्यातली बरीचशी आता एकमेकांत मिसळूनही गेली आहेत. पण चंडीगडमधलं एक प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. सरकारी कचेरीतून चोरीला गेलेला एक कागद, एवढंच ते प्रकरण होतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीत केंद्रशासित प्रदेशाचं केडर मिळालं आणि पंजाबातल्या अशांततेच्या ऐन काळात चंडीगडला उपअधीक्षक म्हणून रुजू झालो. चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांचे आडोसे होते. सिनेमागृहापासून पोस्टापर्यंत प्रत्येक दारात झडती. हाताखालची माणसं 'साहेब' न म्हणता 'जनाब' म्हणत, आणि दिवसाची सुरुवात रात्रभरात कुठे काय झालं ते वायरलेसवर ऐकण्याने होई. अशा दिवसांत सरकारी बांधकाम खात्याच्या एका कार्यकारी अभियंत्याची फिर्याद आली. लवादापुढच्या एका फायलीतला मूळ कागद गायब झाला होता.

एरवी असली फिर्याद हवालदारापर्यंतच राहिली असती. पण सरकारी कचेरीत कुणीतरी शिरून कागद नेतो म्हटल्यावर वरपर्यंत फोन गेले. ज्यांच्या ताब्यात ती फाइल होती त्या कारकून बाई नवऱ्याच्या जागी नोकरीला लागलेल्या होत्या. त्यांच्या निलंबनाचा आदेश टाइप होऊन सहीसाठी पडला होता. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा त्या कपाटापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहब, मैंने किसी को कुछ नहीं दिया."

कागद काय होता ते मी अभियंत्याकडून समजून घेतलं. सरकारी क्वार्टर्स बांधायचं काम पिंजौरच्या एका वयस्क ठेकेदाराला मिळालं होतं. त्यांना सगळे लालाजी म्हणत. पाया खोदण्याचं आणि काँक्रीटचं काम लालाजींनी एका सरदारजींना दिलं होतं, म्हणजे सरदारजी त्यांचे पोटठेकेदार. तिकडच्या भाषेत 'पेटी ठेकेदार'. पाया खणून झाल्यावर खात्याने नकाशे बदलले. मग बंद, कर्फ्यू, मजूर गावी पळाले, भाड्याची यंत्रं नुसती उभी राहिली. हे सगळं नुकसान सोसलं सरदारजींनी. पण त्यांचा सरकारशी करारच नव्हता, त्यामुळे भरपाई ते सरकारकडे थेट मागू शकत नव्हते. ती लालाजींनी मागायची आणि मिळाली की सरदारजींना द्यायची, असा रस्ता होता. लालाजींनी त्याप्रमाणे लवादापुढे दावा लावलाही होता.

आणि तिथेच खात्याने तो कागद पुढे केला. त्यात सरदारजींनी लिहून दिलं होतं की लालाजींवर आपला आता कसलाही दावा नाही, त्यांना आपण सर्व देण्यातून मोकळं करत आहोत.

अभियंते म्हणाले, "सरळ आहे. सरदारजी लालाजींकडे काही मागू शकत नाहीत, म्हणजे लालाजींचं नुकसान शून्य. ज्याचं नुकसानच नाही त्याला सरकारने काय म्हणून द्यायचं? पुढच्या तारखेला लवादाने मूळ कागद मागवला होता. आता तोच नाही."

कागद नाहीसा झाल्याने फायदा कुणाचा, हे सांगायला पोलिसाची गरज नव्हती. त्यात दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला: कागद गेला त्या दिवशी पेटी ठेकेदार सरदार रेकॉर्ड रूमजवळ घुटमळत होता. आमच्या प्रभारी निरीक्षकांनी रोजनाम्यात नोंद करून दुपारपर्यंत सरदारजींना उचलून आणलंसुद्धा.

पन्नाशीचा उंच माणूस. दाढी अर्धी पांढरी, बोटांच्या भेगांत सिमेंट मुरलेलं. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत म्हणाले, "जनाब, कागद मैंने लिया है. लिख लो."

"कुठे आहे तो?"

"जाळून टाकला."

"कुठे जाळला?"

"घरी. चुलीत."

निरीक्षक खूश झाले. मी मात्र झालो नाही. चौकशीच्या खोलीत आलेला माणूस सहसा आधी आपल्याबद्दल विचारतो. मला का आणलं, घरी कळवलं का, किती वेळ लागेल. या माणसाने यातलं काही विचारलं नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली, तीही दाराकडे बघत: "लालाजींकडे कुणी गेलं नाही ना? त्यांचं हृदय कमजोर आहे."

बाहेर आल्यावर निरीक्षक हळूच म्हणाले, "जनाब, सरकारी रेकॉर्ड जाळलंय. माणूस असा आहे, दिवस असे आहेत. दहशतवादाचं बघणाऱ्या शाखेकडे पाठवून देऊ का? बाकीचंही बोलेल."

त्या शाखेकडे गेलेला माणूस कधी परत येईल, कसा येईल, हे त्या काळात कुणी सांगू शकत नसे. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत तो माझ्या ताब्यात राहील. कुणीही हात लावायचा नाही. जेवायला द्या."

मी पुन्हा त्या कचेरीत गेलो, पण या वेळी आत नाही, फाटकावर. तिथला निमलष्करी जवान हरयाणाचा होता. सरदारजींचं वर्णन सांगताच त्याने ओळखलं.

"आले होते, सर. नेहमी येतात."

"झडती घेतली होती?"

"घेणारच. आत जाताना घेतली, बाहेर येतानाही घेतली. पगडीसुद्धा चाचपली. जेवणाचा डबा उघडून रोट्या वेगळ्या केल्या. काही नव्हतं."

"आणि लालाजी?"

"तेही आले होते." जवान जरा हसला. "त्यांची काय झडती घ्यायची, सर? म्हातारा माणूस. मी उठून रामराम केला, ते गेले."

मी तिथेच जीपच्या बॉनेटला टेकून उभा राहिलो. त्या कचेरीत ज्याच्या रोट्यादेखील उलगडून पाहिल्या होत्या, त्याच्यावर सगळ्यांचा संशय होता. ज्याला रामराम घालून सोडलं होतं, त्याचं नाव कुणी उच्चारलंही नव्हतं.

पिंजौरला लालाजींचं घर शोधायला वेळ लागला नाही. ते अंगणात खाटेवर बसून मटार सोलत होते. माझा गणवेश पाहिल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. मी एवढंच म्हटलं, "सरदारजी ठाण्यात आहेत. कागद जाळला असं सांगतायत."

लालाजींचा चेहरा पडला. "जाळला? तो म्हणतो जाळला?" त्यांनी कुडत्याच्या आतल्या बंडीत हात घातला आणि मेणकापडात गुंडाळलेला कागद काढून माझ्या हातावर ठेवला. एक सुरकुतीसुद्धा नव्हती त्याला.

"चोरलात कशाला?" मी विचारलं.

त्यांनी सावकाश सांगितलं. ऐन कर्फ्यूत त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. इस्पितळात डॉक्टर झोपेचं औषध देत, पण त्यांना झोप लागेना. 'मी मेलो तर या माणसाचं देणं तसंच राहील', एवढाच घोर. सरदारजी रोज उशाशी येऊन बसत. एक दिवस ते कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून हा कागद करून घेऊन आले, सही केली आणि लालाजींच्या मुठीत कोंबला. म्हणाले, 'ले, माझं तुझ्याकडे काही नाही. आता झोप.' आणि त्या दिवशी लालाजींना झोप लागली.

"बरा झालो. बिलाच्या वेळी खात्याने पेटी ठेकेदाराचा ना-दावा मागितला, तेव्हा मीच मूर्खासारखा हा जोडून दिला. मला काय माहीत, याच कागदाने त्याचा गळा कापला जाईल? बाईंचं लक्ष नसताना फायलीतून सोडवला. वाटलं, कागदच नसला तर दावा तरी उभा राहील."

"मग फाडला का नाही?"

"फाडायला घेतला होता, साहेब. दोनदा घेतला. हात चालला नाही. सख्ख्या भावाने कधी दिलं नाही असं काहीतरी त्याने मला दिलंय. ते मी कसं फाडू?"

मी त्यांना जीपमध्ये पुढे बसवून ठाण्यात आणलं. त्यांना पाहताच सरदारजी उसळून उभे राहिले.

"ओए, तू कशाला आलास? कुणी बोलावलं तुला?"

"तुला खोटं बोलायला कुणी सांगितलं?"

"जिने चढायचे नाहीत म्हटलंय डॉक्टरांनी!"

"चुलीत जाळला म्हणे! तुझ्या घरी गॅस आहे, गधड्या!"

आमचे निरीक्षक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. ते हसत होते की काय, मला कळलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच दोघांसाठी चहा मागवला.

कायदा मात्र कायद्याच्या जागी होता. लालाजींवर गुन्हा नोंदवावाच लागला. कारकून बाईंच्या निलंबनाचा आदेश त्याच दिवशी फाडला गेला. लालाजींनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. वय, प्रकृती आणि कागद शाबूत परत दिलेला पाहून न्यायाधीशांनी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांना सोडलं.

न्यायालयाच्या परवानगीने तो कागद लवादापुढे हजर करायला मी स्वतः गेलो. हवालदारही नेऊ शकला असता. पण मला पुढे काय होतं ते बघायचं होतं. लवाद म्हणून खात्याचेच एक ज्येष्ठ अभियंता बसले होते. खात्याच्या वकिलांनी कागद वाचून दाखवला आणि लालाजींना विचारलं, "या कागदानुसार सरदारजी तुमच्याकडे काहीही मागू शकत नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तुम्ही त्यांचं काही देणं लागत नाही."

"लागतो," लालाजी म्हणाले.

वकिलांनी कागद वर धरला. "हे काय आहे मग?"

"वकीलसाहेब, मी मागणार नाही असं त्याने लिहून दिलंय. मी देणं लागत नाही, असं मी कुठे लिहून दिलंय?"

लवादांनी चष्मा काढला. "लालाजी, विचार करून बोला. इथे हे देणं मान्य केलंत आणि दावा मात्र फेटाळला गेला, तर सगळी रक्कम तुमच्या एकट्याच्या अंगावर येईल."

"येऊ दे. पिंजौरचं घर आहे. विकेन."

मागच्या बाकावरून सरदारजी ओरडले, "चुप कर ओए! जी, याचं काही लिहून घेऊ नका, हा आजारी आहे!" ते बोलता बोलता रडत होते, आणि पगडीच्या शेमल्याने डोळे पुसत होते.

लवादांनी लिहून घेतलं. त्यांच्या निवाड्याचा सारांश असा होता की मूळ ठेकेदार स्वतः होऊन देणं मान्य करतो आहे, त्यामुळे नुकसान त्याचं नाही असं म्हणता येणार नाही. दावा गुणदोषांवर तपासला जाईल. तो तपासला गेला. सगळं मिळालं नाही, कर्फ्यूच्या दिवसांची भरपाई नाकारली गेली, पण बदललेल्या नकाशांचे पैसे मिळाले. उरलेलं कोणी सोसायचं यावरून ते दोघे नंतर कित्येक महिने भांडत होते, असं मी ऐकलं.

त्या वर्षांत मी पुष्कळ वाईट पाहिलं. माणसं नुसत्या पगडीवरून, नुसत्या नावावरून उचलली जाताना पाहिली. भेदरलेल्या शहरात संशय सगळ्यांत आधी कुणावर जातो, आणि झडती न होता कोण सुटतो, हे त्या फाटकावरच्या जवानाने मला नकळत शिकवलं. पण माझ्या कामाची पद्धत बदलली ती त्या चौकशीच्या खोलीत.

पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे कुणी फार सहज गुन्हा कबूल केला, की मी जबाब लिहायच्या आधी पेन खाली ठेवत असे आणि विचारत असे, "घरी कुणाला वाचवतोयस?" बहुतेक जण गोंधळून बघत राहत. काही जण मात्र रडायला लागत, आणि मग खरा तपास सुरू होई.