दा नांगमधले चार दिवस
मुलीने टेबलावर ठेवलेल्या फोनच्या पडद्यावर काल एक समुद्रकिनारा उघडा होता. पिवळसर वाळूची लांबच लांब पट्टी, मागे धुरकट हिरवा डोंगर आणि खाली नाव, दा नांग. चहा संपायच्या आत तिने व्हिएतनामची सहल ठरवूनही टाकली. मी त्या डोंगराकडे पाहत राहिलो. याच गावाचा बेत नव्वदच्या दशकात बहरीनमध्ये मी अख्खा एक उन्हाळा आखत होतो, आणि तोही दुसऱ्यासाठी.

हमद टाउनमध्ये आमच्या शेजारी रत्नागिरीकडचं एक जोडपं राहायचं. आम्ही त्यांना चाचा आणि चाची म्हणत असू. चाचा तरुणपणी मालवाहू बोटीवर खलाशी होते, पुढे जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर झाले. त्यांची प्रत्येक रजा गावी गेलेली. कधी घराचं बांधकाम, कधी बहिणीचं लग्न, कधी कुणाचं आजारपण. त्या वर्षी मात्र गावी जाण्याआधी चाचीला घेऊन चार दिवस दा नांगला जायचं, असं त्यांनी एकाएकी जाहीर केलं. का, ते सांगितलं नाही. मी बँकेत नोकरीला, पण नकाशे आणि विमानांची वेळापत्रकं वाचणं हा माझा जुना नाद, म्हणून आखणी माझ्याकडे आली.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून ते दोघं आमच्याकडे येत. बाहेर रस्ते उन्हाने पांढरे पडलेले असत आणि आम्ही एसीच्या घरघरीत सतरंजीवर नकाशा पसरून बसत असू. बँकॉकमार्गे जायचं, पुढे दोन विमानं. व्हिसाची काळजी मी बोलून दाखवली की चाचा ‘मफी मुश्किल’, काही अडचण नाही, म्हणून मोकळे होत. चाचीचे प्रश्न अधिक नेमके असत. तिथे हलाल मिळेल का, नसेल तर तांदळाचं पीठ किती न्यावं, हे त्यांनी तीनदा विचारलं असेल.

शेवटच्या शुक्रवारी मी सुवाच्य अक्षरात केलेला तक्ता पुढे ठेवला. पहिल्या सकाळी संगमरवरी डोंगर, दुपारी जुन्या मूर्तींचं संग्रहालय. चाचांनी चष्मा लावून तो वाचला आणि पहिल्या सकाळवर बोट ठेवलं.

“इथे डोंगर नको. मला बंदरावर जायचंय.”

मग त्यांनी सांगितलं. लढाईच्या दिवसांत त्यांची बोट त्या बंदराबाहेर अकरा दिवस नांगरून पडली होती. तिथेच त्यांना तार मिळाली, आई गेल्याची. तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे. तासभर जमिनीवर उतरू द्या, आईसाठी दुआ मागून येतो, असं त्यांनी कप्तानाला विनवलं. पण उतरण्याची परवानगी कुणालाच नव्हती. डेकवर दुआ मागितली, पण पायाखाली जमीन नव्हती, एवढं त्यांच्या मनात राहून गेलं.

चाची त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. “मला कधी बोलला नाहीत.”

“बोलून काय करणार होतीस?”

चाचींनी तक्ता स्वतःकडे ओढला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, डोंगर खोडा.”

रजेवरून परतल्यावर दोघं खजूर आणि गावचे आंबोशीचे तुकडे घेऊन आले. बंदरात बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. पहारेकऱ्याने फाटकावरूनच परत पाठवलं होतं. चाचा हिरमुसून निघाले, तेव्हा चाचीच त्यांना हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेल्या. तिथे वाळूत उभं राहून चाचांनी दुआ मागितली. टोपल्या घेऊन निघालेल्या दोन कोळणी त्यांचं होईपर्यंत बाजूला थांबून राहिल्या, हे चाचींनी सांगितलं. उरलेले तीन दिवस त्यांनी चाचांना गावभर फिरवलं, डोंगरसुद्धा चढायला लावला.

चाचा इतकंच म्हणाले, “बोट उभी होती ती जागा तिथून दिसते. तेव्हा वाटायचं, किनारा फार लांब आहे. एवढा लांब नव्हता.”

दोन वर्षांनी ते कायमचे गावी गेले. शेजारी दुसरं बिऱ्हाड आलं, पुढे आम्हीही पुण्याला परतलो. त्यानंतर मी पुष्कळ प्रवास आखले, पुष्कळ गावं पाहिली. पण माझं असं काही जिथे राहून गेलंय आणि ते पुरं करायला जायला हवं, ते गाव कुठलं, हे मला अजून सांगता येत नाही. नसेलच, असंही म्हणवत नाही.