इंजिनावरची केबिन

तिकिटं काढून देण्याच्या धंद्यात एक गंमत असते, किंवा दुःख म्हणा. ज्यांना जागा मिळते ते जाऊन येतात, पेढे देतात आणि आपल्याला विसरतात. ज्यांना मिळत नाही ते मात्र पुन्हा पुन्हा येऊन बसतात, पाणी मागतात, घरचं सांगतात. त्यामुळे आमच्या ऑफिसात साठले ते सगळे किस्से न गेलेल्यांचे. मी जळगावात स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात टायपिस्ट होते, नव्वदच्या आगेमागे बरीच वर्षं. मालक भास्करभाऊ. माणूस फणसासारखा असतो असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पण भाऊंच्यातले गरे शोधायला मला दोन-तीन वर्षं लागली.

आमचं मुख्य काम काशी-रामेश्वर आणि काश्मीर. पण काचेत भाऊंनी एका मोठ्या जहाजाचं चित्र लावलं आणि सगळं दुखणं तिथून सुरू झालं. हे जहाज जगाला फेरी मारायचं आणि वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, मुंबईला लागायचं. अख्खी फेरी करणाऱ्या परदेशी लोकांनी केबिनी आधीच धरलेल्या. त्यातले कोणी मुंबईला उतरले, तर त्यांच्या रिकाम्या केबिनी आपल्याकडच्यांना, मुंबई ते सिंगापूर. किती रिकाम्या होणार, हे जहाज जवळ येईपर्यंत मुंबईच्या एजंटलाही कळायचं नाही. तोवर वेटिंग. यंदा हुकलं की थेट पुढच्या वर्षी.

*

पहिलं गिऱ्हाईक यावलकडचे एक केळीवाले आबा. भिंतीवर जहाजाचा नकाशा होता, त्यात केबिनी खुराड्यांसारख्या ओळीने काढलेल्या. आबांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाले, "दार दक्षिणेला नको."

भाऊ म्हणाले, "आबा, जहाज वळलं की दारही वळतं."

आबांनी विचार केला. "मग दक्षिणेला वळेल तेव्हा मी बाहेर उभा राहीन."

एवढी तयारी पाहून भाऊंनी त्यांच्या वतीने एजंटला परस्पर होकार कळवून टाकला. आठवड्याने आबा नकाशाची घडी घेऊन परत आले. घरी कोणीतरी त्यांना भारताचा नकाशा दाखवला होता.

"भाऊ, दाराचं जाऊ द्या. आख्खं जहाजच दक्षिणेला जातंय."

केबिन रद्द झाली. मुंबईच्या एजंटने ट्रंक कॉलवर भाऊंना असं झाडलं, की मला टाइपरायटरच्या आवाजातही ऐकू येत होतं. यापुढे मधल्या माणसाचा होकार चालणार नाही, पार्टीने स्वतः फोनवर बोलायचं, असा नियम झाला. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो. पुढे हा नियम भलत्याच माणसाला नडला.

*

तो माणूस म्हणजे नाना. दोंडाईच्याला राहायचे. एके दिवशी ऑफिसात आले, "जयभीम" म्हणाले, खांद्यावरचा पिवळ्या काठाचा टॉवेल समोरच्या खुर्चीवर टाकला आणि काही न बोलता निघून गेले. भाऊ आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने ते स्टेशनवरून बायकोला घेऊन आले, टॉवेल उचलला आणि तिला खुर्चीवर बसवलं. स्वतः उभे राहिले.

"सवय शे, ताई," ते मला म्हणाले. "गाडीमां गर्दी ऱ्हास. मी पुढे जाईसन टावेल टाकस, हाई मांगून येस."

एस.टी. स्टँडवर गाडी वळायच्या आतच नाना खिडकीतून टॉवेल फेकायचे. आपल्याकडे टॉवेल पडला की जागा धरली, मग आमदार आला तरी उचलत नाही. त्यांची बायको, अक्का, पिशव्या घेऊन सगळ्यांच्या मागून सावकाश चढायच्या. उभ्या संसारात त्या बाईने एस.टी.त कधी जागा शोधली नव्हती.

सिंगापूरला त्यांची मुलगी नर्स होती. ती विमानाचं तिकीट पाठवायला तयार होती. नानांना जहाजच हवं होतं. त्यांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, बॉयलरवर गेली होती. कुठे जायचं ठरलं की बिघाड व्हायचा आणि बोलावणं यायचं. एकदा अजिंठ्याला पायऱ्या चढत असताना खालून साहेबांची जीप आली. अक्का लेणी न बघता मागच्या सीटवर बसून परत आल्या.

"जहाजवर कोन बलावाले येई?" नाना म्हणाले. "हाईले एकदाव शब्द देयेल शे."

अक्कांनी फक्त पदर सारखा केला. पण त्यांचं जाणं किती वर्षं राहून गेलं होतं, ते मला त्या पदरावरूनच कळलं.

*

केबिन निवडताना तर कमालच झाली. इंजिनाच्या वरच्या केबिनी कोणाला नको असायच्या. धडधड असते, झोप लागत नाही. नानांनी नकाशावर इंजिन शोधलं आणि त्याच्या बरोबर वर बोट ठेवलं.

"आठे."

"नाना, तिथे रात्रभर आवाज असतो."

"तेच तर. आवाज बंद पडना का माले जाग येस."

भाऊ खूश झाले. जी केबिन कोणी घेत नाही तीच मागणारं गिऱ्हाईक भेटलं होतं. ते म्हणाले, "नाना, तुमचं काम झालंच समजा."

त्या वर्षी नाना-अक्का ऑफिसात असतानाच एजंटचा फोन आला. दोन जागा होत्या, पण वेगवेगळ्या केबिनींत. नाना पुरुषांच्यात, अक्का बायकांच्यात. भाऊंनी समजावलं, घेऊन टाका, जेवायला एकत्रच बसाल. नानांनी अक्कांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"जिंदगीभर मी रातपाळीले आनि हाई घरी. आते जहाजवर बी येगळं?"

त्यांनी नाही म्हटलं. त्यांना समोरच नाही म्हणताना पाहून मला वाईटही वाटलं आणि बरंही.

*

मधेच धुळ्याच्या एका वकिलांचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल कोणालाच जागा मिळत नव्हती. त्यांना मिळाली. त्यांनी गावजेवणासारखं जेवण घातलं, अर्धं कोर्ट हार घेऊन निरोपाला आलं. मुंबईला पोचल्यावर कळलं, त्यांच्या केबिनीतला परदेशी म्हातारा उतरलाच नाही. त्याला मुंबई आवडली नाही म्हणे. केबिन त्याचीच राहिली, जहाज गेलं.

एवढे हार घालून घेतल्यावर परत कोणत्या तोंडाने जायचं? वकीलसाहेब सपत्नीक कल्याणला मेव्हण्याकडे जाऊन राहिले. सिंगापूरहून परतायची तारीख आली तेव्हा धुळ्याला परतले, गॉगल लावून. पुढे कितीतरी दिवस बार रूममध्ये सिंगापूरची वर्णनं चालली होती.

पैसे परत घ्यायला मात्र त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. सही केली, थोडा वेळ पंख्याखाली बसल्या.

"खरं सांगू? मला कल्याण आवडलं," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर पहिल्यांदाच हे इतके दिवस घरात होते."

त्या गेल्यावर भाऊंनी काचेतलं जहाजाचं चित्र काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. नाना येणार होते.

*

नाना जळगावला आले की ऑफिसात चक्कर ठरलेली. टॉवेल खुर्चीवर टाकायचे, मग पाणी प्यायचे, मग विचारायचे, "काही हालचाल?"

एकदा ते टॉवेल तिथेच विसरून गाडीला गेले. तो दिवस सुट्यांच्या बुकिंगचा होता. ऑफिस गच्च भरलेलं. म्हातारी माणसं भिंतीला टेकून उभी, एका बाईच्या कडेवर मूल. खुर्ची रिकामी आणि कोणी बसेना. मी म्हटलं, बसा ना. ती बाई म्हणाली, "टावेल पडेल शे ना कोनातरी."

संध्याकाळपर्यंत कोणी बसलं नाही. भाऊंनी टॉवेल घडी करून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या आठवड्यात नाना आले तेव्हा त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी मला भाऊंच्यातला पहिला गरा सापडला.

*

दुसऱ्या वर्षी थंडी सरत असताना सकाळीच एजंटचा फोन. एक केबिन, दोघांची, इंजिनावरची. संध्याकाळपर्यंत पार्टीने स्वतः होकार द्यायचा, नाहीतर पुढच्याला. आबांच्या वेळचा नियम.

मी दोंडाईच्याला नानांच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. नाना-अक्का पिंपळनेरला भाच्याच्या लग्नाला गेलेले. भाऊ उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "मी जातो." ओळखीच्या माणसाची जीप मागून घेतली. इतक्या लांब, एका केबिनीसाठी, कमिशन किती मिळणार ते मी कशाला सांगू.

भाऊ पोचले तेव्हा मांडवात पंगत बसत होती. नाना वाढप्यांत होते. भाऊंना पाहिल्याबरोबर त्यांनी मिठीच मारली. भाऊ सांगायला लागले, तर नवरीच्या बापाने त्यांचा हात धरला. लग्नाघरी पाहुणा आला, तोही जळगावहून, आणि उभ्या उभ्या कामाचं बोलणार? आधी पाट, मग बात. भाऊ म्हणाले, "महत्त्वाचं आहे हो." त्यांना उत्तर मिळालं, "जेवणपेक्षा?" आणि भाऊंच्या पानात वाढलं गेलं. न जेवता उठलं तर नानांचा त्यांच्या नातेवाइकांत अपमान. भाऊ बसले, आणि नाना वाढायला पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेले. आग्रहावर आग्रह झाले. एक एक घास उतरत नव्हता, असं ते मला नंतर म्हणाले.

हात धुतल्यावर त्यांनी नानांना सांगितलं. दोघे पोस्टाकडे पळाले. खिडकी बंद झालेली होती. पोस्टमास्तरही लग्नाला आलेले. त्यांना पंगतीतून उठवून आणलं, फोन लावला. एजंट म्हणाला, आत्ताच दिली.

नानांनी फोन खाली ठेवला आणि भाऊंच्या खांद्यावर हात टाकला.

"भाऊ, जेवण बरं व्हतं ना?"

भाऊंनी जळगावला येऊन हे सांगितलं. मला रडू आलं. मी कागद बदलायच्या निमित्ताने आत जाऊन रडले.

*

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर नाना गेले. जेवून पडले होते, उठलेच नाहीत. अक्का म्हणाल्या, घोरणं थांबून घर अचानक गप्प झालं तेव्हा मला जाग आली.

आणि अर्थातच, त्या वर्षी जहाज मुंबईला यायच्या खूप आधी फोन आला. एका परदेशी जोडप्याने मुंबईला उतरणार असं आधीच कळवलं होतं. केबिन पक्की. दोघांची. इंजिनावरची. नशिबाला काय म्हणावं, मला अजून कळत नाही.

भाऊ आणि मी दोंडाईच्याला गेलो. रद्द करायचं होतं, पण फोनवरून कसं करणार. ओसरीवर नानांचा फोटो होता, अक्का खाली चटईवर बसल्या होत्या. भाऊंनी कसंबसं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "अक्का, मी रद्द करून टाकतो. तुम्ही काही काळजी करू नका."

"काबरं?"

भाऊ हळूच म्हणाले, "नाना नाहीत ना, अक्का."

अक्कांनी नानांच्या फोटोकडे पाहिलं.

"ते पुढे गयात जागा धराले," त्या म्हणाल्या. "मी मांगून येस."

त्यांनीच फोनवर स्वतःच्या तोंडाने होकार दिला. मुलीने सिंगापूरहून कळवलं, आई, विमानाने ये. अक्कांनी ऐकलं नाही.

*

जहाज लागलं त्या दिवशी भाऊ आणि मी अक्कांना घेऊन मुंबईला गेलो. निरोपाला आलेल्यांना भोंगा होईपर्यंत वर जाऊ देत होते. केबिन लहानशी, दोन बाजूंना दोन बिछाने, मधे एक गोल खिडकी. खाली इंजिन नुकतंच सुरू झालं होतं. पायांखाली धडधड जाणवत होती.  अक्का एका बिछान्यावर पिशवी ठेवून बसल्या.

तेवढ्यात मुंबईचा एजंट आला. फोनवर तीन वर्षं ओरडणारा माणूस तो हाच, चांगला गोरागोमटा, टाय लावलेला. त्याला घाई होती. म्हणाला, आजी एकट्याच आहेत, दुसरा बिछाना रिकामाच जाणार, वेटिंगवर एक बाई आहेत, चांगल्या घरच्या आहेत, आजींना सोबत होईल, आणि त्या जागेचे पैसेही परत मिळतील.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ अक्कांकडे पाहत होते.

अक्कांनी पिशवीत हात घातला. पिवळ्या काठाचा टॉवेल काढला, उठल्या आणि समोरच्या बिछान्यावर टाकला. घडी न मोडता, उशीच्या बाजूला. मग पुन्हा आपल्या जागी येऊन बसल्या.

एजंट टॉवेलकडून भाऊंकडे वळला. "म्हणजे काय समजायचं मी?"

भाऊंनी चष्मा काढून पुसला.

"टॉवेल पडलाय, साहेब," ते म्हणाले. "आता तिथे कोणी बसत नाही."