आधी जुनं जमा करा

खिडकीतून आधी त्यांचा रिकामा तळहात बाहेर यायचा आणि मग आवाज, "जुनं?"

खडू हवा असेल तर संपलेल्या खडूचे तुकडे द्या. बल्ब हवा असेल तर गेलेला बल्ब, झाडू हवा असेल तर झिजलेल्या झाडूची मूठ. राइट टाउनमधल्या आमच्या शाळेत स्टोअरबाबूंच्या खिडकीवर हा एकच कायदा चाले. रांझीच्या कारखान्यात, तिथल्या स्टोअरमध्ये, त्यांची उभी हयात गेली होती. तिथून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले आणि येताना हा कायदा सोबत घेऊन आले.

जुनी वस्तू हातात आली की ती तुमच्यासमोर निकामी करायची, म्हणजे तीच पुन्हा कोणी आणून दाखवू नये. मग पावती. वस्तू, नग, स्थिती, सही. स्थितीच्या रकान्यात त्यांच्या हातचा एकच शब्द मी कायम पाहिला, 'निकामी'.

एकदा चित्रकलेच्या बाईंचं डस्टर हरवलं. त्यांनी घरून एक फाटकं डस्टर आणून खिडकीत ठेवलं. यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "हे आपलं नाही, ताई. आपल्या डस्टरला निळा काठ असते." बाईंनी आठवडाभर पदराने फळा पुसला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुरून मोठी गोड वाटतात. माझ्यासारखं रोज त्या खिडकीवर उभं राहून पाहा, मग बोलू.

ऑफिसातला एकुलता एक कॉम्प्युटर मी चालवत असे. पत्रं आणि याद्या करायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती शाळेने घेतली. स्वस्तातली, म्हणजे जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठीची. ती सीडी घ्यायला मी गेले. तळहात पुढे आला. मी जुनी सीडी दिली. त्यांनी मोठ्या कात्रीने तिचे दोन तुकडे केले, सुतळीने बांधले, चिठ्ठी लावली आणि पावतीवर माझी सही घेतली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

दोन वर्षांनी तो कॉम्प्युटर जळाला आणि नवाकोरा आला. दहावीच्या मुलांची यादी बोर्डाकडे जायला दोन दिवस उरले होते. यादी माझ्या फ्लॉपीत सुखरूप होती, पण उघडायला सॉफ्टवेअर हवं. मी सीडी घातली. डब्यावरचा भलामोठा नंबर टाकला. पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि थांबली. या मशीनवर आधीची आवृत्ती सापडत नाही, तिची सीडी घाला, असं पडद्यावर आलं. मी रद्द केलं, पुन्हा सुरू केलं. मशीन बंद करून चालू केलं. नंबर चुकला असेल म्हणून एकेक अक्षर बोट ठेवून टाकलं. सहा वेळा पट्टी तिथेच येऊन थांबली. सातव्यांदा मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की चहा सांडला.

दुकानदाराला फोन केला. "दीदी, अपग्रेड है ना, पुरानी दिखाओगे तभी चढ़ेगा. पूरी वाली भोपाल से आठ दिन में आएगी."

आठ दिवस! यादी गेली नाही तर मुलांना रोल नंबर मिळणार नव्हते आणि जाब मला द्यावा लागणार होता. हाताने लिहिलेली यादी बोर्ड घेत नसे. आणि टाइपरायटर? तो कॉम्प्युटर आला त्याच दिवशी जमा होऊन निकामी झाला होता.

मी तणतणत खिडकीवर गेले. "ती सीडी काहून कापली तुम्ही?"

"नियम आहे, ताई. तुमची सही आहे पावतीवर." त्यांनी फाइल काढून सही दाखवली. ती माझीच होती, त्यामुळे मी जास्तच भडकले.

"या शाळेत सगळ्यात जुने तर तुम्हीच आहात. तुम्हाला कधी जमा करायचं?"

मागे चार शिक्षिका उभ्या होत्या. एक फिसकन हसली. त्यांचा तळहात अजून खिडकीबाहेर होता. तो त्यांनी हळूच आत घेतला.

दुसऱ्या दिवशी खिडकी बंद. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आजच नेमकी सुट्टी घेतली, म्हणून मी त्यांच्या नावाने आणखी बोटं मोडली. दुपारी दीडच्या सुमाराला ते दारात उभे राहिले, केस धुळीने भुरे झालेले.

"कुंडमला आपल्या संस्थेची शाळा आहे, तिथे ही जुनी सीडी होती. पहिल्या बसनं गेलो." त्यांनी रुमालाची गाठ सोडली. "लावून पाहा."

मी सीडी घातली. पट्टी सरकली, अर्धं ओलांडून पुढे गेली. दोन दिवस माझा जीव खाणारं काम मिनिटभरात झालं.

"घेतलं काय त्यानं?" ते पडद्याला नाक लावून विचारत होते.

"दिसून नाही राहिलं का? चष्मा कुठे आहे तुमचा?"

"कुंडमला. जमा." ते ओशाळं हसले. "तिथला बाबू म्हणे, राहू द्या, तुम्हीच तर शिकवलं मला. मी म्हटलं, काहून राहू द्या? शाळेची वस्तू आहे. काही तरी जमा कराच लागते."

यादी त्या संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सीडी परत करायला ते तसेच, चष्म्याविना, बसने कुंडमला गेले. मी माफी मागायचं ठरवत राहिले आणि रोज उद्यावर टाकत राहिले. मला लाज वाटत होती, हे खरं कारण.

मग संस्थेने ठरवलं की पासष्टीच्या पुढचं कोणी ठेवायचं नाही. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवला. शेजारी पावतीपुस्तक, कार्बन घालून तयार.

"जमा करून राहिलो, ताई. पावती द्या."

मी लिहिलं. वस्तू, किल्ल्या. नग, एक जुडगा. स्थितीच्या रकान्याशी माझा हात थांबला.

"लिहा ना," ते म्हणाले.

मी 'उत्तम' असं लिहिलं आणि सही केली. त्यांनी चष्मा सारखा करून तो शब्द वाचला. "त्या दिवशी मी फार वाईट बोलले," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पावतीची घडी खिशात ठेवली.

पण ते हलले नाहीत. सवयीने टेबलापाशी उभे राहिले, कारण जुनं जमा केलं की त्यांच्या कायद्याप्रमाणे समोरून काहीतरी नवं मिळायला हवं होतं. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तेही त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"चलो, ताई," ते म्हणाले आणि रिकाम्या हातांनी रांझीच्या बसकडे निघाले.