मोताळ्याचा जावई आणि आमचा सूर

आमच्या गावात आट्यापाट्या खेळणाऱ्याला त्याच्या जागेवरून ओळखत. मी सूर होतो. मैदानात आडव्या पाट्या आखलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर एकेक गडी उभा राहून समोरून येणाऱ्याला अडवतो; हात लागला की तो बाद. या सगळ्या पाट्यांना मधोमध कापत एक लांब उभी पाटी जाते, ती सुराची. बाकीच्यांनी आपापली पाटी सांभाळायची, सुरानं सगळ्यांची. समोरचा गडी सगळ्या पाट्या ओलांडून शेवटाला गेला आणि तसाच परत आला, की त्यांचा लोण झाला. आमच्यावर लोण चढला की मोठी माणसंसुद्धा दुसऱ्या दिवशी पारावर यायची टाळत.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले. पण आमच्या गावाला जग म्हणजे मोताळ्याचा बाजार, आणि जगात हरवायचं कोणाला, तर मोताळ्यालाच. घरची वांग्या-मिरच्यांची बागाईत होती. दिवसभर मोट हाकायची आणि दिवस कलला की मैदानावर. मिसरूड फुटायच्या आधीच मी सूर झालो, आणि दोन-तीन हंगाम चांगला खेळलो. इतका, की बाजारात अनोळखी माणसं विचारायची, "तूच का बे तो सूर?" मला ते फार आवडायचं.

मग एके वर्षी मोताळ्याच्या मैदानात त्यांचा एक नवा गडी माझ्यासमोर आला. बारीक, उंच, ओठांवर सदा हसू. त्यानं डावीकडे हूल दिली, मी डावीकडे झेपावलो, आणि तो उजवीकडून असा गेला जसा कोणी उघड्या दारातून जातो. जाता जाता म्हणाला, "रामराम." त्या डावात तो तीनदा तसाच गेला. तिसऱ्या वेळी मी तोल जाऊन पाटीतच पालथा पडलो, आणि मोताळ्याची सगळी माणसं हसली.

तेव्हापासून माझा खेळ बिघडला. पाय तेच, दम तोच, पण समोरचा हलला की मला वाटायचं, ही हूल असेल. हूल म्हणून थांबावं तर ती खरी निघायची. आमच्या चमूचे वस्ताद माझे थोरले काका. त्यांचा आवाज मोठा आणि माया त्याहून मोठी, पण मैदानाच्या कडेला मायेचंही ओरडणं व्हायचं. "उजवीकडे! अबे उजवीकडे! तुह्या डोळ्यात का माती गेली?" मी त्यांचं ऐकून वळेपर्यंत गडी पार झालेला असे. त्या हंगामात आम्ही सगळीकडे हरलो. शेवटी शेवटी मी काहीतरी काम काढून मळ्यातच थांबू लागलो.

काकांना मुलगा नव्हता, एकच मुलगी. माझ्याहून थोडी मोठी, मी तिला ताई म्हणायचो. घरजावई हवा म्हणून काकांनी बरेच दिवस स्थळं पाहिली आणि वैशाखात मोताळ्याच्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. मी मळ्यातच असायचो, त्यामुळे नवरदेव मी पाहिला नव्हता. मांडवात नवरदेव घोडीवरून उतरला, मुंडावळ्या बाजूला केल्या आणि मी पाहतच राहिलो. तोच तो. ओठांवर तेच हसू.

पंगतीत मला त्याच्या पानावर तूप वाढावं लागलं. मी मान खाली घालून वाढत होतो. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "साळेबुवा, रामराम." सगळी पंगत हसली. माझ्या हातून त्याच्या भातावर तुपाचं तळं झालं, तर तो म्हणतो, "पाहा, साळ्यानं किती जीव लावला!"

भाऊजी आमच्या गावात राहायला आले तसा गावाला हुरूप आला. सगळ्यांनी धरूनच चाललं, की आता सुराच्या पाटीवर हेच उभे राहणार. मीही ते धरून चाललो होतो. खरं सांगतो, वाईट वाटण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. पण दिवाळीनंतर पारावर गडी जमले आणि काकांनी विषय काढला, तर भाऊजींनी हात जोडले.

"मामाजी, मी खेळणार नाई. मोताळ्याच्या मातीत वाढलो. निघतानी मोठ्या भावाले शब्द दिला, का तुमच्यासमोर उभा राहणार नाई."

काकांचं तोंड उतरलं.

"पण शिकवण्याचा काही शब्द नाई दिला," भाऊजी म्हणाले. "सूर तुमच्याजवळ हायेच की. हा काय बसला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे कोणी बसलंय का ते पाहिलं.

आता पेच असा, की वस्ताद होते काका, आणि जावयानं सासऱ्याला गप्प बसा कसं म्हणावं? हा पेच ताईनं सोडवला. पहिल्याच संध्याकाळी तिनं मैदानाच्या कडेला काकांच्या बाजेशेजारी टोपलीभर फुटाणे ठेवले आणि म्हणाली, "आबा, वैद्यानं सांगतलं, घशाले आराम पाह्यजे. बोलावंसं वाटलं का मूठभर फुटाणे तोंडात टाका." वैद्यानं असं काही सांगितलं नव्हतं. काकांनाही ते ठाऊक असावं. पण त्यांनी मुलीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि पहिली मूठ तोंडात टाकली. त्या हिवाळ्यात घरातले हरभरे काही पुरले नाहीत.

भाऊजींनी मला आधी मैदानावर घेतलंच नाही. ते मळ्यात आले आणि विहिरीच्या धावेवर, जिथून बैल मोट ओढत जातात तिथं, उकिडवे बसून मला पाहत राहिले. बैल उतारानं जायचे, मोट वर यायची, पाणी थारोळ्यात सांडायचं, मग बैलांना उलट्या पावली मागे आणायचं. मला वाटलं, काही बोलायला आले असतील. शेवटी मीच विचारलं,

"काय पाहून राह्यले भाऊजी?"

"तू बैलाच्या पायाकडे पाहतच नाई."

"कायले पाहू? मागं सरायचे असले का त्यांचा वशिंडाखालचा भागच आधी सांगते."

"मग माणसाच्या पायाकडे काऊन पाहतं बे? अन् डोळ्याकडे? मी तर डोळ्यानंच तुले फसवलं. कंबर पाह्य. जिकडं कंबर, तिकडंच माणूस."

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर त्यांनी मला पळायची बंदी घातली. समोरच्यांनी जीव तोडून पळायचं आणि मी माझ्या पाटीवरून नुसतं चालायचं. गडी माझ्या दोन्ही बाजूंनी पार होत. सुरुवातीला मला रडू येईल असं वाटलं. काका बाजेवर फुटाणे असे चावत होते, की आवाज माझ्यापर्यंत येई. पण चालता चालता एक गोष्ट घडली. धावताना जे कधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. कोण कोणाच्या आड दबा धरून आहे, आमचा कोणता गडी पाटीच्या टोकाला जाऊन फसलाय, सगळं. मी थांबून हे भाऊजींना सांगितलं तर ते टाळी वाजवून म्हणाले, "मग मले काय सांगतं? त्यायले सांग! तुले दिसते ते पाटीवरच्याले दिसत नाई. तू बोलला नाई तर ते आंधळे."

बोलायचं म्हणजे मोठ्या वयाच्या, मिशीवाल्या गड्यांना हुकूम सोडायचे. पहिल्यांदा मी "दादा, जरासं डावीकडे सरकता का" असं म्हणालो, आणि सगळं मैदान हसून लोटपोट झालं. ते दादाही हसले, पण सरकले. आणि ते सरकल्याबरोबर पुढचा गडी कोंडीत सापडला. पुढेही पाटी, मागेही पाटी, बाजूला मी. मी हात लांबवला आणि त्याच्या खांद्याला लावला. कितीतरी महिन्यांत माझ्या हाताला असा खांदा लागला नव्हता. भाऊजी मैदानात धावत आले आणि त्यांनी मला उचलूनच घेतलं.

ताई भाकरी घेऊन मळ्यात यायची तेव्हा तिलाही हे वेड लागलं होतं. माझ्यापुढे शिदोरी धरायची, मी हात पुढे केला की झटकन नवऱ्याकडे वळवायची आणि विचारायची, "कंबर पाह्यली का नाई?"

कापसाचा हंगाम संपला की खामगावच्या एका जिनिंगचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, मोठं पटांगण मोकळं व्हायचं. तिथं त्या वर्षी सामने होते. आम्ही बैलगाड्यांनी नांदुऱ्याला गेलो, तिथून रेल्वेनं जलंबला, आणि जलंबला गाडी बदलून खामगावला. पटांगणात कोपऱ्याकोपऱ्यात अजून कापसाचे पुंजके अडकलेले होते. आम्ही एकेक सामना जिंकत गेलो. शेवटच्या सामन्यात समोर मोताळा, आणि मोताळ्याच्या पुढे भाऊजींचा थोरला भाऊ. तसाच उंच, फक्त हसू जरा जाड.

भाऊजी कोणत्याच बाजूला बसले नाहीत. लांब कापसाच्या गठाणी ठेवायच्या ओट्यावर एकटे जाऊन बसले. तोंड मात्र आमच्याकडे होतं.

पहिल्याच चढाईत थोरल्या भावानं मला हूल दिली आणि तो पार गेला. मोताळ्याकडून आरोळी उठली. मी सवयीनं काकांकडे पाहिलं. काका उभे होते, दोन्ही गाल फुटाण्यांनी फुगलेले, डोळे बाहेर आलेले, आणि काही बोलता येईना म्हणून दोन्ही हात हवेत फिरवत होते. मला हसू आलं. ते आवरेचना. हसतच मी पुन्हा पाटीवर उभा राहिलो, आणि त्या हसण्यानं अंगातली सगळी गाठ सुटली.

मग मी चालायला लागलो. अगदी चालायला. थोरला भाऊ बिचकला. असा सूर त्यानं कधी पाहिला नसावा. "दादा, टोकाले नका जाऊ. मामा, मागं फिरा. सोडा त्याले, तो नुसता नाचून राह्यला, त्याच्यामागचा धरा." माझा आवाज मलाच ओळखू येईना. सगळा चमू एका अंगानं हलत होता. मोताळ्याचे चार गडी एका चौकोनात कोंडले गेले, आणि त्यांत थोरला भाऊ. तो डोळ्यांनी डावीकडे गेला, हातानं डावीकडे गेला, पायानंही गेला. कंबर उजवीकडे होती. मी उजवीकडे उभाच होतो. हात त्याच्या दंडाला लागला तेव्हा तो म्हणाला, "अरे वा," आणि खरंच खूश झाल्यासारखा हसला.

आमच्या चढाईत आमच्या पोरांनी लोण काढला. मोताळ्याला एकही काढता आला नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा काकांनी फुटाणे थुंकले आणि हिवाळाभर साठवलेलं सगळं एका आरोळीत बाहेर काढलं. पटांगणाच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. मग ते ओट्याकडे धावले. सासऱ्यानं जावयाच्या पाया पडू नये म्हणून भाऊजी इकडून तिकडे पळत होते, आणि काका त्यांच्यामागे.

परतताना जलंबला गाडीची वाट पाहत दोन्ही गावं एकाच झाडाखाली बसली. थोरल्या भावानं काकांना विचारलं, "पाटीलबुवा, महिनाभर आमचा पोरगा आम्हाले उसना द्या. आमचाही सूर बिघडला हाये."

"दिलेलं परत मागू नका," काका म्हणाले. आवाज बसला होता, पण रुबाब कायम होता. "सूर पाह्यजे तर आमच्या गावात एक-दोन पोरी लग्नाच्या हायेत. तुमच्याकडून पोरगा येऊ द्या, आमी शिकवून घेतो."

सगळे हसले. थोरल्या भावानं टाचेनं मातीत एक रेघ ओढली, मग दुसरी. म्हणाला, "आता ना मोताळा, ना तुमचं गाव. निम्मे इकडं, निम्मे तिकडं. शब्दबिब्द काही नाई आज." भाऊजींनी धोतराचा काचा मारला. ते एका बाजूला आले, मी दुसऱ्या बाजूला सूर. मोताळ्याचे मिशीवाले आता माझ्या पाट्यांवर होते आणि मी त्यांना हुकूम सोडत होतो. भाऊजी माझ्यावर चालून आले, मागे सरले, पुन्हा आले. आम्ही दोघं एकमेकांसमोर नाचत होतो आणि कोणी कोणाला फसवत नव्हतं. दुरून धूर दिसला तरी कोणी थांबेना. स्टेशनमास्तर हिरवं निशाण काखेत धरून पाहत उभे होते. शेवटी तेच ओरडले, "अहो, गाडी आली, गाडी! खेळ आवरा!" आणि आम्ही सगळे धुळीनं माखलेले, कोणाची टोपी कोणाच्या डोक्यावर, हसत डब्यात चढलो.