मड्डमचं दावं

तुकानानांची आणि माझी ओळख झाली ती मी फसलोय हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा. मार्चमधली महाडच्या चवदार तळ्याची गर्दी होती, म्हणून नुकतीच घेतलेली जुनी मोटरसायकल मी लांब एका गल्लीत लावली होती. परत येऊन पाहतो तर खांद्यावर पंचा टाकलेला एक उंच म्हातारा तिच्याभोवती फेऱ्या मारतोय.

"कितीला पडली?"

मी आकडा सांगितला. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग दयेने माझ्याकडे. "मास्तर दिसतोस. रंग ताजा असला की इचारायचं, खाली काय लपवलंय." मी कॉलेजात शिकवतो हे त्यांनी कशावरून ओळखलं, ते मी विचारलं नाही.

नाना पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले शेतकरी, पण खरा धंदा बैलांच्या दलालीचा. बाजारात पंच्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्यांना पत्ता लागत नसे. पुढे बैल गेले, पॉवर टिलर आले, तरी नानांना बोलावणी येतच राहिली. टिलर, स्कूटर, शिलाई मशीन, काहीही विकायचं असो, भाव नानांनी करायचा. लग्नाच्या पंगतीत जेवता जेवता ते मांडवाची किंमत करत. माझ्या बायकोने त्यांना नवी पैठणी दाखवली, तेव्हा मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला होता. त्यांची कसोटी एकच होती. "सौदा झाल्यावर एकमेकाच्या घरी चाय प्यायला जाता आलं पायजे. नाय गेलास, तर दोगांतला एक लुटला."

खुद्द नानांकडे एक विलायती मोटरसायकल होती. एका बागायतदाराला बैलजोडी देऊन तिच्या बदल्यात आणलेली. नाव मड्डम. ती जोडी बांधायची त्याच जागी, गोठ्यात, मड्डम उभी असे आणि तिची किल्ली दाव्याच्या खुंटीला. रविवारी काहीतरी निमित्त काढून मी वाडीवर जायचो. नाना मला मागे बसवून घाटातल्या पहिल्या वळणापर्यंत न्यायचे आणि तिचे ते संथ ठोके ऐकताना कॉलेजातली सगळी कटकट मी विसरायचो. मला ती गाडी हवी होती. पण मागायची कुठल्या तोंडाने?

मग नानांच्या गुडघ्यांनी दगा दिला. किक बसेना. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणाला, "विकून टाका." हमरस्त्यावर हॉटेल बांधणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांनी भली मोठी रक्कम सांगितली. नानांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, हिचा भाव तू कर."

"मी? नाना, मलाच हवीय ती."

"ठाव हाय. पन आपल्या जनावराचा भाव आपन करू नये, माया मधी येते. तू बग."

मी बघितली. टाकी आतून गंजलेली, सायलेन्सर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, दिव्याची काच तडकलेली. पण इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर कागदांशी चोख जुळत होता, आणि चढणीला तिचा दम काही कमी झाला नव्हता. मनात एक लबाड आकडा येऊन गेला, तो मी गिळला. "गंज धरूनसुद्धा पुणेकरांचा भाव रास्त आहे, नाना. त्यांना द्या. माझी उडी तिथवर नाही." नाना नुसते "हं" म्हणाले.

गृहस्थ टेम्पो घेऊनच आले. सगळं ठरलं आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"किल्ली नाय मिळायची," नाना म्हणाले. "जनावर इकलं तरी दावं आपल्या खुंटीला ठेवतात. नायतर गोठा ओस पडतो."

गृहस्थ आधी हसले, मग चिडले. "अहो काका, मूळ किल्ली नको का?"

"गाडी सुरू करून बगितलीत?"

"सुरू कशाला करायची? हॉटेलच्या दारात काचेत ठेवणार आहे मी."

"मंग किल्ली कशाला पायजे तुमाला?"

टेम्पो रिकामा गेला. तो वळणाआड होईपर्यंत नाना बघत राहिले. मग खांद्यावरचा पंचा त्यांनी माझ्या हातावर टाकला. "बोल."

माझी जेवढी ऐपत होती तेवढी बोटं मी दाबली. नानांनी घासाघीस केली नाही. उलट त्यातलं एक बोट स्वतःच मिटवून परत माझ्याकडे सारलं. "ह्ये टाकीचं. गंज तूच दाखवलास."

"आणि किल्ली?"

"दावं इकायचं नाय म्हटलं ना."

महाडला दुसरी किल्ली करून घेतली. आकडा पंच्याखालीच राहिला. तो बायकोलाही अजून कळलेला नाही. त्यानंतर महाडला आले की नाना आमच्याकडे चहाला यायचे. आधी मड्डमला बघायचे, मग माझ्याकडे वळायचे.

यंदा नाना गेले. तेराव्याला मी मड्डमवरूनच वाडीवर गेलो. त्यांची सून रंजना गोठ्यात गेली आणि खुंटीवरची किल्ली काढून घेऊन आली. "सर, ही पन घेऊन जावा. आता कोनासाठी ठेवायची?"

किल्लीवरची धूळ पुसलेली होती. शेवटपर्यंत कोणीतरी ती रोज पुसत असणार. मला नानांची फार आठवण आली. मी तिच्याकडून किल्ली घेतली, गोठ्यात जाऊन पुन्हा खुंटीला अडकवली आणि बाहेर येऊन ओट्यावर बसलो.

"वयनी," मी म्हणालो, "चहा टाका."