अठ्ठावीसचा रिकामा गट

टपाल कचेरीत पार्सलाच्या खिडकीमागे ती बावीस वर्षं बसते आहे, म्हणून सगळे तिला पार्सलताई म्हणतात. माझ्या चौथीच्या वर्गात होती तेव्हाही ती अशीच होती. बुटकी, चौकोनी, आणि समोरच्याला पुरतं न्याहाळल्याशिवाय तोंड न उघडणारी. पार्सल काट्यावर ठेवून कोणी वर कोपर टेकलं, की ती चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "कोपरही पाठवायचंय का? मग त्याच्यावरही पत्ता घाला."

लग्न तिनं केलं नाही. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि भाऊ सहा. त्याला तिनंच वाढवलं. तो जेवताना फार नखरे करायचा. ताट घेऊन ती त्याच्यामागे तीन मजले वर आणि तीन मजले खाली करायची. हे मला माहीत आहे, कारण आमचा जिना एकच होता.

अशा बाईला क्रीडा मंडळानं लहान मुलांच्या कुस्तीस्पर्धेत वजनाच्या काट्यावर बसवलं. आधी तिथे मंडळातलेच एक गृहस्थ बसत आणि त्यांचा काटा माणूस बघून हलत असे. बोभाटा झाला, तेव्हा ओळखीपाळखीला भीक न घालणारं कोणीतरी शोधणं भाग पडलं. नावं लिहायला तिनं मला बोलावलं. म्हणाली, "बाई, तुम्ही लिहिलेलं खोडायची कोणाची छाती होणार नाही." चार वर्षं आम्ही दोघी तिथे बसत होतो.

वजनगट कशासाठी असतात, हे दुसरीतल्या पोरालाही समजतं. लहानग्याला दांडग्याच्या अंगावर सोडू नये, एवढंच. पण ही साधी गोष्ट मोठ्या माणसांच्या हाती लागली. दहा वर्षांखालच्या मुलींचे तीन गट: बावीस किलोपर्यंत, पंचवीसपर्यंत, अठ्ठावीसपर्यंत. आपली सव्वीसची मुलगी कशीबशी पंचवीसमध्ये बसवली, तर ती तिथल्या बारक्यांना लोळवील, असा हिशोब प्रत्येक बाप मांडतो. आणि ही युक्ती जगात आपल्या एकट्यालाच सुचली, अशी प्रत्येकाची गोड समजूत असते.

मग आठ-नऊ वर्षांच्या मुलींचं रात्रीचं जेवण बंद होतं. आदल्या दिवशी दुपारपासून पाणी बंद. सकाळी दोन स्वेटरवर पावसाळी कोट चढवून त्यांना मैदानाभोवती पळवतात. तोंडात आंबट गोळी देऊन हातात रिकामी बाटली देतात आणि थुंकत बसायला सांगतात. वाचणाऱ्याला मी वाढवून सांगते आहे असं वाटेल. मी बाटल्या पाहिल्या आहेत. त्यांच्यावर पट्ट्या चिकटवून मुलींची नावं लिहिलेली असत, म्हणजे कोणाची थुंकी किती, यात घोटाळा नको.

या सगळ्यात पुढे असायचे ते गळ्यात शिट्टी घालून फिरणारे प्रशिक्षक. मुली त्यांना सर म्हणत. जन्मभर शाळेत काढल्यामुळे तो शब्द तिथे ऐकताना मला खड्यासारखा लागे. पार्सलताई त्यांना नुसतं शिट्टी म्हणायची, तेही तोंडावर. त्यांचं स्वतःचं पोट त्यांच्या आधी खोलीत शिरत असे आणि ते पोट सांभाळत ते मुलींना संयमावर व्याख्यान देत.

"भूक ही मनात असते," ते एकदा म्हणाले.

"हो ना," पार्सलताई म्हणाली, "तुमचं मन पट्ट्याबाहेर लोंबतंय."

चौथ्या वर्षीच्या एका स्पर्धेच्या सकाळी आम्ही सातला मागच्या खोलीत बसलो. खोली कसली, गाद्या ठेवायची जागा. एक खिडकी, एक पडदा, फरशीवर काटा, टेबलाखाली पाण्याची मोठी बाटली आणि चार पेले. नियम असा, की नऊपर्यंत वजनं घ्यायची, प्रत्येक मुलीला फार तर दोनदा काट्यावर चढता येईल, आणि शेवटचा आकडा पडेल त्या गटात ती खेळेल. मुलीबरोबर प्रशिक्षकानं आत यायचं, आईबापांनी दाराबाहेर राहायचं.

एकामागून एक मुली आल्या. चोवीस सातशे. चोवीस नऊशे. चोवीस आठशे पन्नास. ओठ पांढरे, डोळे टेबलाखालच्या बाटलीकडे. मी लिहीत गेले. सगळ्या पंचवीसच्या गटात. अठ्ठावीसचा रकाना कोरा.

मग शिट्टीबरोबर पार्सलताईची भाची आत आली. आम्ही तिला खारू म्हणतो, कारण ती कधी एका जागी बसत नाही. त्या दिवशी ती बसल्यासारखीच चालत होती.

ती भावाची एकुलती एक. भाऊ नळाच्या तोट्यांच्या दुकानात विक्रीला असतो. स्वतः तो कधी मॅटवर उतरलेला नाही, त्यामुळे हरण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, आणि त्या अनुभवाच्या जोरावर तो मुलीला शिकवतो. शीतकपाटाच्या दारावर त्यानं तिच्या वजनाचा तक्ता लावला होता. वाढलेले आकडे तांबड्या पेन्सिलीनं. आदल्या महिन्यात यावरून बहीणभावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "माझ्या मुलीचं मी बघीन," असं तो म्हणाला होता आणि त्यानंतर खारूचं आत्याकडे येणं बंद झालं होतं.

खारू काट्यावर चढली. पंचवीस तीनशे.

"तीनशे ग्रॅम!" दाराच्या फटीतून भावाचा आवाज आला. "ताई, अर्धा तास दे. उतरवतो."

"कुठून उतरवतोस? कान कापतोस का?"

"पळवतो ना! कोट आणलाय. नियमात आहे, दुसऱ्यांदा चढता येतं."

नियमात होतं. पार्सलताई खारूसमोर गुडघ्यावर बसली.

"शेवटचं काय खाल्लंस?"

"काल सकाळी केळं. अर्धं."

"आणि पाणी?"

खारूनं शिट्टीकडे पाहिलं. मग अगदी हळू, चूक कबूल करावी तसं म्हणाली, "आत्या, आता थुंकायला येतच नाहीये."

पार्सलताई उठली. तिनं पेला भरला आणि खारूच्या हातात दिला. खारूनं आधी दाराकडे पाहिलं.

"तिकडे बघू नकोस. तिकडे कोणी शहाणं उभं नाही. पी."

"अहो, हे काय करताय!" शिट्टी ओरडले. "तुम्हाला हा अधिकार नाही!"

"तहानलेल्याला पाणी द्यायला अधिकार लागतो? कुठल्या कचेरीत मिळतो तो? मी अर्ज करते."

खारू प्यायली. हळू प्यायला सांगावं लागलं. दुसरा पेला भरताना दार ढकलून भाऊ आत घुसला. त्याचा चेहरा लालबुंद होता. "ताई, चार महिन्यांची मेहनत आहे! तू माझ्या मुलीचं वाटोळं करतेयस!"

"तुझ्या तोंडात घास घालायला तीन मजले चढले रे मी," ती म्हणाली. तिनं दुसरा पेला खारूच्या हातात दिला. "तेव्हा तुझं वाटोळं करत होते का? बाहेर हो. आईबापांना इथे मनाई आहे."

तो बाहेर गेला. खारू पुन्हा काट्यावर चढली. पंचवीस आठशे. दोन्ही वेळा चढून झालं होतं. अठ्ठावीसच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं. पहिलं आणि एकमेव.

साडेआठला नियमाप्रमाणे तोवरच्या वजनांची यादी दारावर लावली. पंचवीसमध्ये अकरा नावं, अठ्ठावीसमध्ये एक.

बाहेर पालक यादीवर वाकले. मग कोणीतरी म्हणालं, "एकटीच? म्हणजे न खेळता सुवर्णपदक!"

त्यानंतरची वीस मिनिटं मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. जे बाप कालपासून पोरीला थेंब देत नव्हते, तेच बाटल्या घेऊन धावत सुटले. "पी, पी पटकन!" "अजून एक केळं, चावू नकोस, गीळ!" एक आई मुलीचं नाक दाबून दूध पाजत होती. तासापूर्वी जिला एक घोट मागितल्याबद्दल रट्टा बसला होता, तिला आता घोट संपवत नाही म्हणून बसला. शिट्टी स्वतः दोन बाटल्या बगलेत मारून फिरत होते आणि 'खेळाडूच्या शरीरात पाणी किती महत्त्वाचं' हे सांगत होते. एवढ्या निलाजऱ्या चपळाईनं कोलांटी मारणारा माणूस मुलींना कुस्ती तरी चांगली शिकवत असेल, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

दोन मुलींनी जिन्यात ओकून टाकलं. त्यांच्या बापांना दुःख झालं ते गेलेल्या वजनाचं.

नऊ वाजले. शेवटचे आकडे पडले. अठ्ठावीसमध्ये सात मुली, पंचवीसमध्ये पाच.

पार्सलताईनं यादी हातात घेतली, दारात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या पोरींना काल जेवायला घालून, रात्री झोपवून, सकाळी न्याहारी देऊन आणलं असतंत, तरी हेच गट पडले असते. हेच. एकही नाव इकडचं तिकडे झालं नसतं. आता टाळ्या वाजवा स्वतःसाठी."

कोणी वाजवल्या नाहीत. कोणी खाली मानही घातली नाही. अशा माणसांना खाली मान घालायला जमत नाही, त्यांना फक्त घड्याळ बघता येतं.

खारू तिसरी आली. पहिली कुस्ती हरली, पुढच्या दोन जिंकली. तिसऱ्या कुस्तीत तिनं टाकलेला डाव इतका देखणा होता, की शिट्टी तो आपणच शिकवल्यासारखे नाचले. भावाचं बहिणीला एकच म्हणणं होतं: "यादी दारावर लावायची काय गरज होती? गप्प बसली असतीस, तर सुवर्ण आपलंच होतं."

आठवड्यानं मंडळाचं पत्र आलं. पार्सलताईनं सख्ख्या भाचीला रिकाम्या गटात ढकलून पदकाची सोय केली, अशी सहा पालकांची तक्रार होती, सबब तिनं यापुढे येऊ नये. ते सहा म्हणजे त्याच गटात घुसण्यासाठी पोरींना ओकेपर्यंत पाजणारे सहा. माझं नाव पत्रात नव्हतं, पण मी माझी लेखणी उचलून आणली. पार्सलताईनं ते पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाली, "शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या बघा बाई, बाकी काही बघण्यासारखं नाही त्यात."

एवढं बोलली खरी, पण तिला खंत होती ती खुर्ची गेल्याची नव्हती. दोन महिने खारू दिसली नव्हती. पुढची स्पर्धा जवळ येत होती.

मग एका संध्याकाळी मी पार्सलताईकडे बसले असताना भाऊ आला. दारातच उभा राहून म्हणाला, "ती खेळणार नाही म्हणते. आत्याकडे जेवल्याशिवाय मॅटवर पाऊल टाकणार नाही म्हणते. तक्ताही फाडला तिनं."

"मग?"

"मग काय, तिसरी आली होती. ऐन रंगात खेळ सोडून कसं चालेल?"

मुलीची भूक त्याला अजूनही दिसली नव्हती. दिसलं होतं ते पदक. पार्सलताईला हे समजत होतं, आणि तिनं ते तोंडावर फेकायला ओठ उघडलेही होते. पण मग ती फक्त म्हणाली, "आदल्या संध्याकाळपासून ती इथे राहील. गट पडेल तो पडेल."

स्पर्धेच्या सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात होते. खारूनं दोन अंडी खाल्ली, दूध प्यायली, पाव संपवला आणि तिसऱ्या अंड्याकडे बोट दाखवलं. भाऊ समोर बसून ताटाकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मनात ग्रॅम मोजत असावा. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

पार्सलताईनं तिसरं अंडं सोललं आणि त्याच्याकडे न बघताच विचारलं, "तुलाही भरवू का?"

त्यानं तोंड मिटलं. खारूनं मिठाचं भांडं पुढे ओढलं.