महाराजांसमोर जेवायचं

लोकांना वाटतं फूड फोटोग्राफर म्हणजे दिवसभर खाते आणि मधून मधून बटण दाबते. अरे बाबा, दिवसभर मी थंड भाजीकडे बघत बसते! फोटो मालकाकडे जातात, ताटं घासायला जातात, आणि माझ्याकडे उरतात ते किस्से. चार लोक जमले की फर्माईश सुरू, "तो पनीरचा सांग ना!" एक सांगितला की त्याला धरून दुसरा येतोच. मी देवरीच्या हायवेवरच्या ढाब्यांपासून नागझिऱ्याच्या रिसॉर्टपर्यंत सगळीकडे फोटो काढलेत, पण माझे निम्मे किस्से एकाच किचनमधले आहेत. गोंदियाच्या बाजारातलं एक व्हेज रेस्टॉरंट. मालक गुड्डू सेठ, आणि आचारी सुखदेव महाराज.

महाराज सालेकशाकडचे, साठीला आलेले, माझ्या बाबांच्या वयाचे. हाताला अशी चव की रायपूरचे लोक गाडी थांबवून जेवायला यायचे. आणि गालात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला. आमच्याकडे काही लोकांना चहाआधी तो लागतो.

हसवणारे किस्से आधी सांगते. पुढच्या किश्श्यांत मधे टोकू नका.

* * *

पहिल्याच दिवशी मी माझी पेटी उघडली. भाजी चमकावी म्हणून ग्लिसरीनचा स्प्रे, वरून फिरवायला तेलाचा ब्रश, खीर दाट दिसावी म्हणून फेव्हिकॉल. महाराज कमरेवर हात ठेवून बघत होते. मी वांग्याच्या भाजीवर स्प्रे मारला तसे ते पुढे आले.

"हे कोन खाते आता?"

"कोणीच नाही महाराज. हे फक्त फोटोसाठी आहे."

"मंग रांधाले मले कायले बोलावलं? पेंटरले बोलवा ना!"

आणि ताट उचलून घेऊन गेले! नवी भाजी करून आणली, वाफ निघत होती. म्हणाले, "काढ लवकर. थंडी झाली तं मजा नाही." त्या दिवसापासून त्यांच्या किचनमध्ये माझी पेटी उघडलीच नाही. फोटो मात्र इतके भारी यायचे की नागपूरचे लोक विचारत, मॅडम कोणता स्प्रे वापरता?

* * *

गुड्डू सेठचं एकच म्हणणं, "मॅडम, पनीर ज्यादा दिखना चाहिए." एका वाटीत मावणार नाही इतकं पनीर त्यांनी स्वतःच्या हाताने रचलं. मी काढला फोटो. मेन्यू छापून आला, आणि पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने वाटी समोर ठेवून मेन्यूवर बोट ठेवलं. "सेठजी, इसमें तो पहाड़ है, और यहां दो टुकड़े!"

सेठ अजिबात गडबडले नाहीत. "भाई साहब, फोटो में जो है वो फोटो में है. खाना अलग चीज है!"

आतून महाराज ओरडले, "सेठ, वाटी इकडे पाठवा, म्या भरून देतो!" सेठ दिवसभर तोंड फुगवून बसले होते.

* * *

किचन आणि हॉलच्या मध्ये ताटं सरकवायची एक खिडकी होती. जरा हात मोकळा झाला की महाराज तिथे उभे. लोक जेवताना बघायचे. एकदा एका बाईंनी सेठकडे तक्रार केली, "वो आदमी कब से हमें घूर रहा है!"

सेठ तणतणत आत आले. महाराज म्हणाले, "घुरून नाही राहिलो गा. तो लहान पोट्टा दुसऱ्यांदा भात मागते का नाही, ते पाहून राहिलो." तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मम्मी, और चावल!"

महाराज असे खूश झाले जसं काही त्यांचंच नाव पुकारलं! सेठ गेल्यावर मला म्हणाले, "दुसरा खाते ना बाई, मंगच माहं पोट भरते." मी हसले होते. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

* * *

आमच्या धंद्यात ऋतू उलटे चालतात. पावसाळ्याचा मेन्यू उन्हाळ्यातच शूट करावा लागतो, छापायला वेळ लागतो म्हणून. सेठला हवी होती सात्यांची भाजी. सात्या म्हणजे जंगलात उगवणारी अळंबी, पाऊस पडला की येते. मे महिन्यात, गोंदिया तव्यासारखं तापलेलं असताना, सेठ म्हणतात, "बटन मशरूम रख दो, कौन पहचानता है?"

महाराजांनी झारा खाली ठेवला. "जंगलाले तुमचा मेन्यू दाखवला का सेठ? त्याले वाटन तवा देईन तो."

फोटो राहिला तो राहिलाच. मग पाऊस लागला आणि एका सकाळी महाराजांचा फोन. स्वतः देवरीकडे बसने जाऊन टोपलीभर सात्या घेऊन आले होते. "कॅमेरा घेऊन ये बाई, याईले थांबता नाही येत!" मी धावत गेले. भाजी झाली, आणि महाराजांनी पळीभर रस्सा माझ्या तळहातावर टाकला. "मीठ पाह्य."

मला आश्चर्य वाटलं. स्वतःच्या भाजीचं मीठ ते दुसऱ्याला कधी विचारत नसत. "तुम्ही का नाही चाखत?" म्हटलं. म्हणाले, "तोंड आलं आहे वो. तिखटानं आग होते." मीठ बरोबर होतं. मी फोटो काढले, दोन वाट्या भाजी खाल्ली आणि घरी गेले.

* * *

पुढे सेठच्या डोक्यात आलं, बाहेरच्या बोर्डावर महाराजांचा फोटो लावू. महाराज आपलाच लाडू खाताहेत, असा. महाराजांनी धुतलेला सदरा घातला, केस पाणी लावून बसवले. सगळे वेटर जमले. मी कॅमेरा लावला.

"मुंह खोलो ना महाराज," सेठ ओरडले, "शादी का फोटो थोड़ी है!"

महाराजांनी लाडू तोंडाशी नेला. लाडू दातांवर आपटला आणि तिथेच अडला. वेटर खो खो हसले. "महाराज लाजले, महाराज लाजले!" महाराजही हसत होते, पण ओठ मिटून. मी लेन्समधून जवळून बघत होते ना. तोंड उघडायचा त्यांचा जोर गळ्याच्या शिरांवर दिसत होता, आणि ओठांमध्ये फट तेवढीच.

"एवढंच उघडते वो बाई," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी लाडू फोडला आणि एक एक कण आत ढकलला. मला फोटो काढवेना. शेवटी हातात लाडू धरलेला, ओठ मिटलेला फोटो बोर्डावर लागला. येणारे-जाणारे म्हणायचे, आचारी फार लाजाळू दिसतो!

* * *

मी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. सोबत काकी, म्हणजे महाराजांची बायको. डॉक्टरांनी बोटं एकावर एक धरून तोंडात किती जातात ते पाहिलं, आणि टॉर्च लावून गालाच्या आत बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "खर्रा कधी सोडला?"

"सोडला ना साहेब."

"मग आता गालात काय आहे?"

"हा शेवटचा!"

काकीला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली, नागपूरला जा, उशीर करू नका. काकीचा पदर तसाच तोंडाशी राहिला.

* * *

नागपूरला ऑपरेशन झालं. गालाचा आणि जबड्याचा एक भाग काढला. जेवण नाकातल्या नळीने. गुड्डू सेठ भेटायला आले ते भला मोठा टिफिन घेऊन. मलाच म्हणाले, "मॅडम, अपने किचन का है. महाराज को बाहर का खाना पसंद नहीं."

नर्सने डबा उघडून पाहिला. म्हणाली, "काका, हे कसं देणार त्यांना? नळीतून फक्त पातळ जातं, तेसुद्धा आम्ही देतो तेच."

सेठला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते बाहेर बाकावर बसले, टिफिन मांडीवर. मी शेजारी बसले. डब्याचं झाकण दाबत म्हणाले, "पनीर ज्यादा डलवाया था, मॅडम." आणि तो दांडगा माणूस सगळ्यांदेखत रडायला लागला. मीही रडले. काय करणार होतो?

* * *

नळी निघाली, महाराज घरी आले. आता चमच्याने पेज घेत होते, पातळ, गाळलेली. आणखी काही घशाखाली जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी भेटायला गेले तर घराला कसलाच वास नाही. आचाऱ्याच्या घरात फोडणीचा वास नाही, कल्पना करा! काकीने फोडणी देणंच बंद केलं होतं, वास नाकात गेला तर त्यांना त्रास होईल म्हणून. स्वतः मागच्या अंगणात उभ्याउभ्या दोन घास खायची, तेही ते झोपले की. शरीर अर्धं झालं होतं तिचं. पाहुणे यायचे, पाण्याच्या ग्लासालासुद्धा हात लावायचे नाहीत.

महाराज खांद्यावरच्या दुपट्ट्याने अर्धा चेहरा झाकून खाटेवर बसले होते. बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द दोनदा ऐकावा लागायचा.

"माह्यासमोर कोनी जेवत नाही वो बाई. म्या मेलो का?"

"तसं नाही महाराज. लोकांना वाईट वाटतं."

"अन् मले?"

काकीने माझ्यासाठी चहा आणला. मी कप हातात घेतला, महाराज माझ्याकडे बघत होते, किचनच्या खिडकीतून बघायचे तसे. मी चहा न पिता कप खाली ठेवला. त्यांनी मान फिरवली.

* * *

हिवाळा आला. सेठने रायपूरहून नवा कुक आणला होता, पण हिवाळी मेन्यूच्या शूटला त्यांनी महाराजांनाच बोलावलं. मला बाजूला घेऊन विचारलं, "फोटो के लिए तो चखना नहीं पड़ता ना, मॅडम?"

"नाही," म्हटलं, "नाही पडत."

महाराज आले, दुपट्टा गुंडाळून, काकीच्या खांद्यावर हात ठेवून. पण चुलीसमोर उभे राहिले आणि हात पूर्वीसारखाच चालला. नव्या तांदळाचा भात, वालाच्या दाण्यांची भाजी, वांग्याचं भरीत, अंबाडीची चटणी. मसाला रंगावर ओळखत होते, भाजी आवाजावर. नवा कुक चाखून मान हलवायचा, तेवढीच त्याची मदत. ताट तयार झालं, मी खिडकीच्या उजेडात ठेवलं आणि फोटो काढले. खूप सुंदर आले.

सेठने सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, इथे कोणी काही खायचं नाही, मागे जाऊन खा. शूट संपलं तसे सगळे एकेक करून खाली मान घालून निघाले. पातेली उचलून मागच्या दाराने नेली. किचनमध्ये आम्ही तिघंच उरलो. मी वायरी गुंडाळत होते, काकी भिंतीला टेकून स्टुलावर बसली होती, आणि ते एक ताट खिडकीशी होतं.

"हे कोन जेवते?" महाराजांनी विचारलं.

मी वायरीच गुंडाळत राहिले. मागच्या दाराबाहेरून वाट्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

महाराजांनी ताट उचललं आणि काकीसमोर खाली फरशीवर बसले. काकी घाबरून स्टुलावरून उतरली, त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "मले भूक नाही जी. घरी जाऊन जेवीन."

"घरी कुठं जेवतं तू? म्या झोपत नाही, डोये मिटून पडून राहतो. तू उभी राहून खातं, मले आयकू येते."

काकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने पदर तोंडावर घट्ट धरला. महाराजांनी तो हाताने बाजूला केला. मग भातात वालाची भाजी कालवली, घास केला आणि तिच्या ओठांशी धरला. ती मान हलवत होती, ओठ मिटून.

"उघड ना वो," महाराज म्हणाले. दुपट्टा गळ्यात घसरला होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

काकीने तोंड उघडलं. आणि समोर महाराजांचंही उघडलं, आपोआप, लेकराला भरवताना आईचं उघडतं तसं. जेवढं उघडत होतं तेवढं.

मग त्यांनी दुसरा घास कालवला.